पहिला नको

ऐक ना केतकी, नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस आणि पुढचं आधी विचारू नकोस, मी सांगतेच आहे.

आमची पडवी डोळ्यांसमोर आण. ग्वेन मॅडम मांडी घालून बसल्यायत. साठीच्या बाई, केस पांढरे, नाक उन्हानं लाल, मांडीची सवय नाही म्हणून गुडघे हवेत. त्यांनी ताटावर दोन्ही हात पालथे धरलेत, आणि माझी आई तळलेली चिलापी घेऊन त्या दोन हातांमध्ये कुठे फट सापडतेय का ते बघतेय.

"नो, थँक यू," मॅडम म्हणाल्या.

"काय म्हनत्यात?" आईनं मला विचारलं.

"नको म्हणतायत."

"त्ये तर समदेच म्हनत्यात," आई म्हणाली, आणि मासा त्यांच्या अंगठ्याखालून भातावर सरकवला.

आता गंमत बघ. मॅडमच्या घरी लहानपणापासून शिकवण अशी की ताटात काही टाकायचं नाही. म्हणजे त्या ताट साफ करायच्या. आणि आमच्याकडे पाहुण्याचं ताट साफ दिसलं की आईचा हात थांबत नाही. दोघी एकमेकींचा मान राखत होत्या आणि मधल्यामध्ये पाच चिलाप्या संपल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे होडी तयार, अण्णा तयार, मी तयार, आणि मॅडम खोलीत पोट धरून. आईनं ओवा नि मीठ नेऊन दिलं. त्यालाही त्या आधी नको म्हणाल्या म्हणे. आईनं ऐकलं नाही, तेच बरं झालं.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची. आमचं घर तुला माहीतच आहे, उजनी धरणाच्या काठाला, भिगवणपासून आत. थंडीत लांबून लांबून पक्षी येतात आणि त्यांच्या मागे दुर्बिणी लावलेली माणसं येतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांना होडीतून फिरवतात, आई जेवू घालते, आणि एक खोली आम्ही राहायला देतो. मी होडीत बसून पक्ष्यांची नावं सांगायचे, कारण घरात इंग्रजी फक्त मला यायचं. यायचं म्हणजे काय, माझ्याकडे वही होती.

शंभर पानी वही, पाणी लागू नये म्हणून दुधाच्या पिशवीत घातलेली. होडीत कुणी काही नवीन बोललं की मी ते ऐकू येईल तसं मराठीत लिहून काढायचे आणि पुढे अर्थ. पीस ऑफ केक, म्हणजे हातचा मळ. कॉल इट अ डे, म्हणजे आता बास, चला घरी. अ लिटल बर्ड टोल्ड मी, म्हणजे कुठून तरी कानावर आलं. हे वाचून अण्णा म्हणाले होते, आपल्याकडं पाखरं कशाला पायजेत सांगायला, शेजारी हायत की. फिंगर्स क्रॉस्ड पुढे मी लिहिलं होतं, देव पाण्यात घालून बसणे. बरोबर आहे की नाही?

अण्णांनी सगळ्या वहीतून एकच वाक्य उचललं होतं. टेक युवर टाइम. होडीत चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला ते हात द्यायचे आणि म्हणायचे, टेक युवर टाइम. पुण्याच्या काकूंनाही. एकदा तर आमच्या म्हशीला.

आणि मी कशी बोलायचे, हसू नकोस हं. मॅडम बऱ्या होऊन तिसऱ्या दिवशी होडीत आल्या तर मी म्हटलं, गुड मॉर्निंग मॅडम, अर्ली बर्ड कॅचेस द वर्म, फिंगर्स क्रॉस्ड, टुडे इज पीस ऑफ केक. एका दमात. मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्या अर्थात इंग्रजीतच बोलायच्या, मी तुला मराठीत सांगतेय. म्हणाल्या, "उजी, तुझ्याकडे छान छान वाक्यं आहेत. पण तिन्ही एकदम नको. तुझ्या आईनं नुसतं लोणचंच वाढलं तर कसं होईल?"

त्यांना उज्ज्वला म्हणता यायचं नाही. उजी म्हणायच्या. घरचे मला उजी म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे आई पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर खूश.

त्या आल्या होत्या आपल्या पट्टकदंबांसाठी. ती हिमालयावरून उडून येणारी बदकं गं, डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. कुठल्या थव्यात किती, कुठे चरतात, पायात कुणी ओळखीसाठी कडी घातलीय का, हे सगळं त्या डायरीत लिहायच्या. दहा दिवस राहणार होत्या. रोज पहाटे होडी, आणि रोज संध्याकाळी पडवीत आमची देवाणघेवाण. त्यांनी मला एक वाक्प्रचार द्यायचा, मी त्यांना एक. त्यांना 'घोडं गंगेत न्हालं' फार आवडलं. दुर्बिणीत एकदाची कडी दिसली की त्या होडीतून ओरडायच्या, "घोडा गंगा!" आणि सगळी बदकं उडून जायची.

हां, आणि चहाचं राहिलं. हे नीट ऐक, नाहीतर पुढचं कळणार नाही.

चौथा दिवस. पाण्यावर धुकं, बोटं आकडलेली. मॅडमनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला, वास असा आला की सांगू नको. मला म्हणाल्या, घेणार का? मी अर्थातच म्हटलं, नो नो मॅडम. त्यांनी अण्णांना खूण केली, अण्णांनी दोन्ही हात जोडून मान हलवली. मॅडम म्हणाल्या, बरं. आणि सगळा चहा पिऊन टाकला. दोन झाकणं. अण्णा आणि मी बघत बसलो.

त्या दुर्बिणीला डोळा लावून बसल्यावर अण्णा मला हळूच म्हणाले, "एकदाच इचारलं?"

"हो."

"परत न्हाई?"

"नाही ना."

अण्णांनी दोन वल्ही मारली. "घरात शिकीवलं नसंल कुणी," म्हणाले. "बिचारी."

घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, "एकटी ऱ्हाती म्हनं तिकडं. एकट्या मान्साला सवय ऱ्हात न्हाई गं इचारायची." आणि त्या दिवशी मॅडमना एक भाकरी जास्त वाढली. वहीत मी हे काहीच लिहिलं नाही. यात काय लिहायचं?

सहाव्या दिवशी त्यांनी ते सांगितलं. त्यांच्या वेल्समध्ये समुद्रात एक लहानसं बेट आहे, तिथे पक्ष्यांचं केंद्र आहे, त्या तिथे काम करतात. दरवर्षी बाहेरच्या देशातल्या एका तरुण माणसाला सहा महिने बोलावतात. पक्षी हातात कसा धरायचा, कडी कशी घालायची, नोंदी कशा ठेवायच्या, सगळं शिकवतात, जाणं-येणं-राहणं त्यांच्याकडे. या वर्षीचं नाव भारतातून द्यायचं होतं आणि ते मॅडमनी द्यायचं होतं. तीन ठिकाणी फिरून आल्या होत्या. ओडिशातल्या चिलिका सरोवरावरचा एकजण त्यांना आवडला होता. "तुमच्याकडे येण्याआधी आवडला होता," असं म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून थांबल्या.

केतकी, मी रोज सकाळी लोकांना सांगायचे, हा मंगोलियाहून आला, हा सैबेरियाहून आला, हे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, कच्छातून आले. आणि मी दौंडच्या पुढे गेले नव्हते. बारावीनंतर कॉलेजात नुसतं नाव घातलेलं. आत्यानं इंदापूरचं स्थळ आणून ठेवलं होतं, मुलाचं खतांचं दुकान, पत्रिका जुळलेली. ते बेट मला इतकं हवं होतं ना, की मी भाकरी थापताना ते बघायचे. भाकरीच बेटासारखी दिसायची.

घरी सांगितलं मी. आई मासे साफ करत होती, तिला विचारलं जाऊ का, तर म्हणाली, देवाच्या मनात आसंल तर हुईल. अण्णा काठावर दुसऱ्या होडीला डांबर लावत होते. मी सगळं सांगितलं, बेट, सहा महिने, कडी. त्यांनी ब्रश डब्यात बुडवला.

"बोलीवलंय का पन अजून?"

"अजून नाही."

"मग बगू," म्हणाले, आणि डांबर लावत राहिले. जिथे लावून झालं होतं तिथेच परत लावत होते, पण तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

मग आली शेवटची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी होडीची एक फेरी करून मॅडम निघणार होत्या. आईनं वांब मासा केला होता, शिवाय चिलापी, शिवाय आमटी. मॅडम आता शिकल्या होत्या, एक घास ताटात तसाच ठेवायच्या म्हणजे ताट साफ दिसत नाही. जेवण झालं. त्यांनी डायरी उघडली, पेन काढलं, आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उजी, मला तुझं नाव द्यायचंय. तुला आवडेल यायला?"

आता बघ. ज्याच्यासाठी मी चार दिवस झोपले नव्हते तेच वाक्य माझ्यासमोर होतं. आणि माझ्या तोंडातून काय आलं?

"नो नो मॅडम. इट इज टू मच. प्लीज, व्हाय सो मच ट्रबल."

नुसतं एवढंच नाही. मी ते आई-अण्णांना मराठीत सांगितलं की बोलावतायत, आणि आईनं लगेच पदर सावरला. "अगं बया, नगं नगं. एवढं कशाला. हाय त्येच लई झालं." अण्णांनी तर चहाच्या वेळी जोडले होते तसेच हात जोडले. "नको, मॅडम. नको." तिघंही किती छान नको म्हणालो आम्ही. कुणाला काही शिकवावं लागलं नाही.

आणि मग आम्ही थांबलो.

आईच्या हातात आमटीची पळी तशीच. अण्णा जमिनीकडे बघतायत. मी मनातल्या मनात पुढचं वाक्य तयार करतेय, दुसऱ्या वेळी थोडं कमी नको म्हणायचं, तिसऱ्या वेळी हो. मॅडमनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं. त्यांचा चेहरा जरा उतरला. मग म्हणाल्या, "समजलं मला. अगदी समजलं." आणि पेनाचं टोपण लावलं. डायरी पिशवीत गेली. "मासा फार सुंदर झाला होता," म्हणाल्या.

आम्ही थांबलेलोच. अण्णा खाकरले. आईनं हाताला दुसरं काही सुचेना म्हणून मॅडमच्या ताटात आमटी ओतली. मॅडमनी हातसुद्धा आडवा घातला नाही.

त्या खोलीत गेल्यावर मी आईकडे बघितलं, आई अण्णांकडे.

"उद्या इचारतील," अण्णा म्हणाले. "होडीत. निवांत आसतंय तिथं."

"इचारणार की," आई म्हणाली. "असं कसं इचारणार न्हाईत. एवढं जेवल्यात आपल्यात." आणि उठून देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक खरोखर तांब्यात बुडवून ठेवला. वहीत लिहिलेलं तिनं कधी वाचलं नव्हतं हं.

सकाळी होडी काढली. मॅडम पुढे, मी मधल्या फळीवर, अण्णा मागे वल्ह्यावर. पाणी शांत, लांब रोहितांची गुलाबी रेघ. मी वाट बघतेय. मॅडम बदकं मोजतायत. एक थवा झाला, दुसरा झाला. मी आपल्या परीनं सुचवायला लागले. म्हटलं, मॅडम, समुद्रातली बदकं पण अशीच असतात का? वेगळी असतात, म्हणाल्या. म्हटलं, तिकडे थंडी फार असेल. असते, म्हणाल्या. म्हटलं, मला थंडी चालते. छान, म्हणाल्या, आणि परत दुर्बीण.

मागून अण्णा पुटपुटले, "इचारलं का?"

"नाही अजून."

"त्या बेटाकडं वळीव विषय."

"तिथंच आहे अण्णा विषय."

मग मॅडमच म्हणाल्या, "त्या चिलिकाच्या मुलाचं नाव रात्री लिहून ठेवलंय मी. इथे फोनला रेंज नाही. भिगवणला गेले की पाठवते. चांगला आहे तो, तुला आवडेल."

केतकी, वहीतली दीडशे वाक्यं डोक्यात फिरायला लागली. बॉल इज इन युवर कोर्ट. बेटर लेट दॅन नेव्हर. एकही कामाचं नाही. आणि स्वतःहून मागायचं म्हणजे किती वाईट दिसतं, तुला माहितेय. आमच्याकडे लहान पोरानं पाहुण्यांसमोर लाडू मागितला तर त्याला मागच्या दारी नेऊन चिमटा काढतात. पण काठ जवळ येत होता. मी म्हटलं,

"मॅडम, तुम्ही परत विचारणार नाही?"

"काय परत?"

"मला. यायचं का म्हणून."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. "उजी, तू नाही म्हणालीस. तुझे आई-वडीलही नाही म्हणाले. एखाद्या मुलीनं नाही म्हटल्यावर तिच्यामागे लागायचं नसतं. मला तुला भरीला घालायचं नव्हतं."

तेव्हा, तेव्हा कुठे मला तो थर्मास आठवला.

मी भराभर सांगायला लागले, इंग्रजी कसलं आणि व्याकरण कसलं. म्हटलं, मॅडम, पहिल्या दिवशीचा मासा आठवतोय? तुम्ही नो थँक यू म्हणालात तरी आई वाढत होती? का वाढत होती? कारण आमच्याकडे पहिला नको हा नको नसतोच. तो नुसता मानाचा असतो. लगेच हो म्हणणारा हावरट. पहिला नको पाहुण्यानं म्हणायचा, दुसऱ्यांदा विचारल्यावर जरा अडखळायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. काल आम्ही तिघं पहिला नको म्हणालो आणि थांबलो. तुम्ही टोपण लावलंत.

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे काल संध्याकाळी तुम्ही सगळे..."

"वाट बघत होतो."

"सगळे?"

"आई अजून बघतेय. तिनं देव पाण्यात ठेवलाय."

त्या हसायला लागल्या. अशा हसल्या की होडी डुगडुगली आणि अण्णा वल्हं दाबून धरत म्हणाले, "काय झालं, काय झालं?" हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "आणि तो चहा? तुला आणि वडिलांना तो चहा हवा होता?" मी म्हटलं, फार. "अरे देवा," म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या भाषेतलं. मग त्यांनी नाक पुसलं आणि सरळ बसल्या.

"ठीक आहे. मी परत विचारते. तुला यायचंय?"

"हो," मी म्हटलं. येस. तेवढंच. एकही वाक्प्रचार नाही.

"छान. पण तुझे वडील," त्या म्हणाल्या. "काल तेही नको म्हणाले. त्यांचा नको कुठला होता? तुझ्यासारखा, की माझ्यासारखा? मला त्यांच्याकडून कळायला हवं. तू विचार."

मी वळले. अण्णांनी वल्ही पाण्याबाहेर उचलून धरली होती. टोकांवरून पाणी गळत होतं. होडी आपोआप सरकत होती. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की मी त्यांना अजून धडपणे विचारलंच नव्हतं. आईला विचारलं होतं, खंडोबाला विचारलं होतं. अण्णांना फक्त सांगितलं होतं.

"अण्णा, मॅडम परत विचारतायत. जाऊ का मी?"

ते पाण्याकडे बघत होते. म्हणाले,

"जा की. तुला कुनी धरलंय."

ऐकलंस ना? तू मराठी आहेस, तुला कळलं. मी उंबऱ्यातून जत्रेला निघाले आणि आईला मनातून नको असलं की आई असंच म्हणते. आजी माहेरी गेली तेव्हा आजोबा असंच म्हणाले होते आणि चार दिवस जेवले नव्हते. पण अण्णा दर वेळी बोलतातच असं. भिगवणला जाऊ का, जा की, तुला कुनी धरलंय. साध्या जाण्यालाही तेच. त्यांच्या तोंडावरून काही कळेना, ऊन समोरून येत होतं, डोळे बारीक केलेले.

"काय म्हणतायत?" मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मॅडम वाट बघतायत. काठ आला, आई हात कपाळावर धरून उभी दिसायला लागली. आणि अण्णांना वाटलं, मला इंग्रजी शब्द सापडत नाहीये. ते मागून हळू आवाजात म्हणाले,

"टेक युवर टाइम, उजे."

मी मॅडमकडे वळले आणि म्हटलं, "ही सेज, गो."

अगदी शब्दाला शब्द. जा म्हणजे गो. त्यात एकही चूक नव्हती. पुढचं अर्धं मी सांगितलं नाही. मॅडमनी अण्णांकडे बघून दोन्ही हात जोडले, अण्णांनीही जोडले, आणि वल्ही पाण्यात घातली.

एप्रिलमध्ये गेले मी. मॅडमनी चिलिकाच्या मुलासाठी पुढच्या वर्षी जागा धरून ठेवली, तोही जाऊन आला. आत्या दोन वर्षं बोलली नाही. बेटाचं तुला किती वेळा सांगितलंय, ते नाही सांगत आता. ऑक्टोबरमध्ये परत आले तर अण्णा दौंड स्टेशनवर उभे होते, नवा सदरा घालून. बारीक झाले होते. माझी बॅग घेतली, आणि मी मागे मागे चालतेय तर त्यांच्या काखेत दुधाच्या पिशवीतली माझी वही. सहा महिने पाहुण्यांना तेच फिरवत होते, एकटे, वही मांडीवर ठेवून. मी ती ओढून उघडली, तर शेवटच्या पानावर त्यांचं अक्षर, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं, रेघेवर न बसणारं. नो थँक यू. म्हंजे खरंच नको. परत इचारू नये.

चहाच्या टपरीपाशी थांबले. "च्या घेशील?"

"नको," मी म्हटलं. सवयीनं गं.

ते खिशातला हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "ह्यो मराठी नको हाय का इंग्रजी?"

मी इतकी हसले की टपरीवाला बघायला लागला. "मराठी," म्हटलं. त्यांनी दोन सांगितले. आमच्या घरात अजून तसंच चालतं, आई वाढताना पाहुण्यांनासुद्धा विचारते, मराठी का इंग्रजी.

मग चहा आला. आम्ही बॅगेवर बसून प्यायला लागलो, आणि मला वाटलं, आत्ताच विचारावं. म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी होडीत तुम्ही जा म्हणालात. ते मराठी होतं का इंग्रजी?"

त्यांनी कपातल्या चहावर फुंकर घातली. एकदा, दोनदा. समोरून एक मालगाडी गेली, सगळी, शेवटच्या डब्यापर्यंत. ती गेल्यावर म्हणाले,

"पी. निवतोय."

सहा वर्षं झाली. मी परत कधी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. आता तू बोल. होडीत माझ्या जागी तू बसली असतीस, अण्णा मागे, मॅडम पुढे, काठावर आई, तर तू काय सांगितलं असतंस गं?